बरोबर होता आणि बरोबर ठरला

'निर्णय बरोबर ठरला.' सामना संपल्यावर, निवडणुकीचे आकडे लागल्यावर, रुग्ण घरी आल्यावर आपण हे सहज म्हणतो, आणि तेवढ्यापुरतं ते ठीकच आहे. गोंधळ पुढे होतो. 'ठरला' म्हणजे घेतला तेव्हाही तो बरोबर 'होता' असं लोक गृहीत धरतात आणि वर सांगतात, 'मी परिणामवादी आहे, मला शेवट काय झाला ते महत्त्वाचं.' इतक्या शिकल्यासवरल्या माणसांकडून हे ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परिणामवादाची मूळ कल्पना बहुतेकांना माहीत असते: कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामांवरून ठरवायचं. तो स्वार्थ नाही, कारण हिशेबात सगळ्यांचं सुखदुःख धरायचं असतं. ते बहुमतही नाही. नऊ जणांच्या किरकोळ सोयीपायी दहाव्याचा जीव जाणार असेल, तर डोकी मोजून तो हिशेब सुटत नाही. हे गैरसमज जरा समजावलं की जातात. निकालाचा मात्र जाता जात नाही.

मागे एकदा आम्ही कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडी एक नातेवाईक चालवत होते. पुढे मालाने भरलेला ट्रक रांगत होता. एका आंधळ्या वळणावर, पलीकडचं काहीच दिसत नसताना, त्यांनी गाडी उजवीकडे काढली आणि ट्रकच्या पुढे घातली. माझ्या हातांनी समोरची सीट घट्ट धरली होती. समोरून कुणी आलं नाही. चिपळूणला चहा घेताना मी विषय काढला, तर उत्तर आलं, 'झालं का काही? पोचलो ना?'

याला मी निकालवाद म्हणतो. शब्द माझा आहे, पण या वृत्तीला वेगळं नाव हवंच, नाहीतर तिचं पाप परिणामवादाच्या माथी बसतं. परिणामांचा खरा विचार वळणाच्या अलीकडे करायचा असतो. मिळणार काय, तर दोन-चार मिनिटं. जाऊ शकतं काय, तर आमचे चार जीव आणि समोरच्या गाडीत असतील तेवढे. रस्ता मोकळा निघाला यात त्यांच्या निर्णयाचं कर्तृत्व शून्य होतं. ते ओव्हरटेक करणं चूक होतं, आणि आम्ही सुखरूप पोचलो म्हणून ते रतीभरही कमी चूक होत नाही.

ही माझ्या पदरची पुस्ती नाही. परिणामवादाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम, याने १७८९ साली सुखदुःख मोजण्याच्या कसोट्या मांडल्या, त्यांत तीव्रता आणि कालावधी यांच्या जोडीला निश्चितता-अनिश्चितता ही वेगळी कसोटी होती. जे घडून गेलंय त्याची अनिश्चितता कोण मोजेल? मोजमाप पुढे काय घडू शकतं याचं आहे.

उलट्या बाजूचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ती देशभर गेली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पद सोडावं लागलं. नंतर पुढे आलं ते असं: गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला आज त्याचंच नाव आहे.

आता त्या दिवसाचे दोन निर्णय वेगळे करून बघा. प्लेग पसरत असताना गावाला लस टोचणं बरोबर होतं, त्या १९ मृत्यूंनंतरही. पडलेला चिमटा तसाच वापरणं चूक होतं, आणि कुणीही दगावलं नसतं तरी ती चूकच राहिली असती. निकालवाद्याला यातलं काहीच म्हणता येत नाही. त्याच्या लेखी १९ मेले म्हणजे सगळंच चुकलं, आणि कुणी मेलं नसतं तर चिमट्याचा कुणी विषयही काढला नसता.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. जी. ई. मूरसारखे तत्त्वज्ञ म्हणत की कृतीची योग्यता प्रत्यक्ष घडलेल्या परिणामांवरच ठरते. पण कृती अयोग्य आणि माणूस दोषी या दोन गोष्टी मूरनेही वेगळ्या ठेवल्या. त्याच्या हिशेबाने कृती अयोग्य असूनही माणूस निर्दोष असू शकतो. मला ही मांडणी पटत नाही. 'योग्य' हा शब्द निर्णय घेताना हाताशी नसेल, तर तो घेऊन करायचं काय? तरीही चिपळूणच्या त्या उत्तराला मूरचाही आधार मिळत नाही.

निकाल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तो पुढच्या निर्णयासाठी माहिती असतो. मुलकोवालनंतर बाटली कशी उघडायची याबाबत जास्त काटेकोर होणं, हा त्या १९ मृत्यूंचा योग्य उपयोग. 'आजवर कधी काही झालं नाही' हीसुद्धा माहितीच आहे, पण फार लंगडी. आंधळ्या वळणावरून दहा वेळा सुखरूप गेलेला माणूस आपल्याला तो अनुभव सांगू शकतो. अकराव्या वेळी ज्याच्या समोर गाडी आली, तो सांगायला येत नाही.