तेल थिजतं कशानं?

ऑलिव्ह तेलाची बाटली फ्रीजमध्ये ठेवली की काही तासांत तेल गढूळ दिसू लागतं आणि पुढे थिजतं. लोणी तर सुरीला दाद देत नाही. जवसाचं तेल मात्र त्याच कप्प्यात पातळच्या पातळ. कुठले स्निग्ध पदार्थ प्रकृतीला मानवतात, याचं निम्मं उत्तर या थिजण्यात आहे.

तेल असो वा लोणी, रचना एकच: ग्लिसरॉलच्या रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. तिच्यात सगळे बंध एकेरी असतील तर ते मेदाम्ल संपृक्त आणि साखळी सरळ. मध्ये दुहेरी बंध आला की ते असंपृक्त, आणि तिथे साखळीला बाक येतो. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्यांची नाही, तसंच हे. १८ कार्बनचं स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. तेवढ्याच लांबीच्या ओलेइक आम्लात एकच दुहेरी बंध असतो, आणि ते १४ अंशांच्या आसपासच वितळतं. दोन बंधांचं लिनोलेइक उणे ५ला, तीन बंधांचं अल्फा-लिनोलेनिक उणे ११ला.

यावरून पुष्कळांना वाटतं की बाहेर थिजणारा पदार्थ रक्तवाहिन्यांतही थिजत असणार. तसं काही होत नाही. खरी गोष्ट यकृतात घडते. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, यकृत आपल्या ग्राहींनी, म्हणजे पेशींवरच्या पकड घेणाऱ्या रेणूंनी, पकडून आत ओढून घेतं. संपृक्त मेद जास्त खाल्लं की हे ग्राही कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. इथेही सरसकट नियम नाहीच: पामिटिक हे संपृक्त आम्ल एलडीएल वाढवतं, सर्वांत सरळसोट वाटणारं स्टिअरिक फारसं वाढवत नाही. आणि वनस्पतिजन्य म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त मेद संपृक्त असतं.

माणसाने हा बाक मुद्दाम सरळ करूनही पाहिला. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचं पेटंट मिळवलं. ही क्रिया अर्धवट सोडली की काही दुहेरी बंध टिकतात, पण साखळी सरळ होते. हेच ट्रान्स फॅट. ते एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल घटवतं, म्हणजे नुकसान दुहेरी. डेन्मार्कने २००३ मध्येच त्यावर कायद्याने मर्यादा घातली. एकूण ऊर्जेच्या १ टक्क्याहून कमी ट्रान्स आणि १० टक्क्यांहून कमी संपृक्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून तेल-तूपच सोडून द्यायचं का? १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना अजिबात मेद नसलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडीवर खवले आले. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्लं आपल्या शरीरालाही बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. मेद कमी करून त्या जागी साखर आणि मैदा आणला, तर हृदयाचा काही फायदा होत नाही. फायदा होतो तो संपृक्ताच्या जागी असंपृक्त आणल्यावर.

ते मिळतं कुठे? ऑलिव्ह तेल, बदाम आणि अ‍ॅव्होकॅडोत ओलेइक आम्ल भरपूर. सूर्यफूल आणि सोयाबीनच्या तेलात लिनोलेइक. अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३, अक्रोडात आणि जवसात. मेंदू आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारं डीएचए हेही ओमेगा-३च, पण जवसापासून ते शरीरात फारच थोडं बनतं. बांगडा, तारली, सॅमन यांत ते तयार मिळतं. माशांकडे ते येतं मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांकडून, त्यामुळे शैवालांपासून काढलेलं तेल शाकाहारी मंडळींनाही चालतं. (कॅलरी मात्र सगळ्यांत सारख्याच: ग्रॅमला ९. चांगलं तेल म्हणून हात सैल सोडता येत नाही.)

जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच बाहेर पडतात, तेव्हा दळून घ्यावेत. पण थोडे थोडेच. ज्या दुहेरी बंधांमुळे हे तेल थंडीत पातळ राहतं, तिथेच ऑक्सिजन हल्ला करतो, आणि उजेडात उघडी राहिलेली पूड लवकरच खवट वास मारू लागते.