लक्षद्वीपचं परमिट: कोल्हापुरातून निघताना आधी काय, नंतर काय

लक्षद्वीप भारतातच आहे, पासपोर्ट लागत नाही. तरीही नुसतं तिकीट काढून तिथं उतरता येत नाही. जो बेटावरचा रहिवासी नाही, त्याला प्रवेश परवाना, म्हणजे सगळे म्हणतात ते 'परमिट', लागतंच. हा नियम 1967 पासूनचा आहे आणि त्यामागचं कारण रास्त आहे. सगळी बेटं मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473 होती आणि त्यातले बहुतेक सगळे अनुसूचित जमातीचे. गोडं पाणीही मोजकंच. उद्या कुणीही उठून तिथं गर्दी केली, तर भार त्यांच्यावरच.

आपल्याकडं लोक आधी परमिटच्या मागं लागतात आणि तिथंच घोळ होतो. अर्जात कोणतं बेट, कोणत्या तारखा, मुक्काम कुणाकडं, हे विचारतात. म्हणून आधी मुक्काम ठरवा. त्याचे तीन मार्ग. लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेचं पॅकेज घेतलं, तर परमिटची बरीचशी धावपळ तेच करतात. 'समुद्रम' नावाच्या पॅकेजमध्ये जहाजातच राहून कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघता येतात. दुसरा मार्ग नोंदणीकृत टूरवाला किंवा बेटावरचा होमस्टे. तेही कागद पुढं सरकवतात. तिसरा, तिथल्या ओळखीच्या माणसाकडं पाहुणा म्हणून जाणं. मग त्याला तुमचा प्रायोजक म्हणून तिकडं लिहून द्यावं लागतं. घरात म्हातारी माणसं असतील तर पहिला मार्ग बरा, असं माझं मत.

आता कागद. आधार किंवा मतदार ओळखपत्र, पासपोर्ट साइझ फोटो, मुक्कामाचा पुरावा आणि पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला. पहिले तीन घरात सापडतात, वेळ खातं ते चौथं. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा, उद्देशाच्या रकान्यात लक्षद्वीप प्रवास असं स्पष्ट लिहायचं. अर्ज तुमच्या राहत्या पत्त्याच्या ठाण्याकडं येतो, म्हणजे राजारामपुरीत राहणाऱ्याचा राजारामपुरीला, मंगळवार पेठेतल्याचा जुना राजवाड्याला. ठाण्यातून फोन आला की मूळ कागद घेऊन जायचं. अडतं ते पत्त्यावर. आधारवर गडहिंग्लजजवळचं गाव आणि राहणं शहरात भाड्यानं, असं अर्ध्या कोल्हापूरचं असतं. अशा वेळी नोंदणी केलेला भाडेकरार किंवा चालू वीजबिल आणि घरमालकाचं संमतीपत्र आधीच तयार ठेवा, नाहीतर फेऱ्या वाढतात. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा अर्ज वेगळा.

हे हातात आलं की प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर अर्ज. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. अर्जाची फी माणशी 50 रुपये. त्याशिवाय 'हेरिटेज फी': 12 ते 18 वर्षांच्या मुलांना 100, त्याच्या वरच्यांना 200 रुपये. पैसे भरताना पानावर दिसेल तोच आकडा खरा धरा. परमिटवर बेटांची नावं छापून येतात आणि जे नाव नाही त्या बेटावर उतरता येत नाही. अगत्तीला जाऊन बंगारामही बघायचं असेल, तर दोन्ही नावं अर्जातच घाला. परदेशी पासपोर्टवर आलेल्या नातेवाइकांना मात्र ठरावीक बेटंच खुली आहेत, त्यांची चौकशी वेगळी करा.

तिकीट शेवटी काढा. विमानतळ एकच, अगत्तीचा, आणि धावपट्टी साधारण 1200 मीटरची. त्यामुळं तिथं छोटी विमानंच उतरतात, जागा पटकन संपतात. कोचीहून जुनी सेवा आहे, 2024 मध्ये गोव्याच्या मोपाहूनही सुरू झाली. मोपा आपल्याला आंबोली घाटातून गाडीनं सोयीचं. तिथली उड्डाणं चालू आहेत का, हे मुक्काम ठरवण्याआधी बघून घ्या.

जहाज कोचीहूनच. कोचीला जायला मिरजेवरून पुणे–एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस आहे, पण ती आठवड्यातून एकदाच. नाहीतर रत्नागिरी किंवा मडगाव गाठून नेत्रावती, मंगला पकडायची. मंगलाच्या नावात 'लक्षद्वीप' आहे म्हणून फसू नका, ती एर्नाकुलमलाच थांबते. पुढं 14 ते 18 तास समुद्रावर. बंक क्लास स्वस्त. चार बर्थची केबिन घरच्यांना पुरते. बेटवासीयांची निकड आधी, म्हणून सुट्टीच्या दिवसांत जागा चटकन मिळत नाही. बऱ्याच बेटांजवळ जहाज बाहेरच नांगर टाकतं आणि हलत्या शिडीवरून छोट्या बोटीत उतरावं लागतं. खलाशी दोन्ही दंडांना धरून उतरवतात, पण गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला, पर्यटकांची जहाज पॅकेजेस बंद. म्हणजे दिवाळीला जायचं असेल तर पोलीस क्लिअरन्सचा अर्ज गणपतीच्या आसपास टाकावा.

उतरल्यावर परमिटची प्रत तिथल्या पोलीस ठाण्यात द्यायची, म्हणून छापील प्रती चार-पाच न्या. बंगाराम सोडलं तर दारूबंदी आहे, बाटली नेऊ नका. आणि पोरांनी किनाऱ्यावरचं प्रवाळ खिशात टाकलं तर ते तिथंच काढून ठेवा, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.