निर्जंतुक औषधमिश्रणे एका छताखाली: मागचा इतिहास

अमेरिकेतला एखादा रुग्णालय-समूह आपल्या चार-पाच फार्मसींतली निर्जंतुक मिश्रणे एकाच ठिकाणी बनवायला निघाला, की सगळ्यात आधी भांडण होते ते चौरस फुटांवरून. मागचा इतिहास पाहिला तर ते घड्याळावरून व्हायला हवे.

1960 च्या दशकापर्यंत सलाईनमध्ये औषध मिसळण्याचे काम बहुधा वॉर्डातच होई, तेही परिचारिकांच्या हातून. त्याच दशकात सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी गाळलेल्या हवेच्या एकदिश प्रवाहावर चालणारी क्लीनरूम तयार केली. 1968 मध्ये स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी फक्त शिरेतून पूर्ण पोषण देता येते हे दाखवले. पोषणाच्या त्या पिशवीत इतके घटक जातात की वॉर्डातल्या टेबलावर ती बनवणे म्हणजे धोकाच. काम फार्मसीकडे सरकले. हूड, म्हणजे ज्यात गाळलेल्या हवेच्या झोतात मिश्रण बनवतात ते कपाट, मात्र मिळेल त्या खोलीत बसले.

1970-71 मध्ये एका कारखान्याच्या सलाईनच्या बाटल्यांच्या झाकणांतून आलेल्या जिवाणूंनी अनेक राज्यांतल्या रुग्णांना रक्तसंसर्ग झाला. एकाच ठिकाणची चूक किती दूर पोहोचते हे तेव्हाच दिसले होते. तरी अंमलात आणता येईल असे निर्जंतुक मिश्रणाचे मानक, युनायटेड स्टेट्स फार्माकोपियाचे (अमेरिकेच्या औषध-मानकांच्या संहितेचे) प्रकरण 797, यायला 2004 उजाडले. पुढे घातक औषधांसाठी प्रकरण 800 आले. केमोथेरपीच्या खोलीत हवेचा दाब शेजारपेक्षा कमी हवा, तर साध्या मिश्रणाच्या खोलीत जास्त. दोन्हींत तासाला हवेचे किमान 30 बदल. जुन्या इमारतीच्या छतात एवढे डक्ट मावत नाहीत. एकत्रीकरणाची कल्पना मला वाटते बरीचशी इथूनच सुचली: प्रत्येक रुग्णालयात हे सगळे उभारण्यापेक्षा एकदाच नीट उभारावे.

दुसरे कारण 2012 चे. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरच्या बुरशीदूषित स्टेरॉइड इंजेक्शनांनी 750 हून अधिक लोक आजारी पडले, 60 हून अधिक दगावले. पुढच्या वर्षी संसदेने कायदा करून मोठ्या प्रमाणावर मिश्रणे बनवणाऱ्या ‘आउटसोर्सिंग’ केंद्रांचा वेगळा वर्ग केला. बाहेरून घेण्याचा भरवसा डळमळला आणि काम पुन्हा समूहाच्या आत आणण्याकडे काहींचा कल झाला. गंमत अशी की त्यातही धोका जुनाच राहतो, एका जागेची चूक सगळीकडे जाण्याचा.

मग नियामकाने अंतर मोजायला घेतले. एफडीएच्या (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या) 2016 च्या मसुद्यात रुग्णाच्या नावाची मागणी येण्याआधीच पाठवलेली औषधे फार्मसीपासून एका मैलाच्या आतच जावीत असे होते. रुग्णालये शहरभर पसरलेल्या समूहांचे त्यात कसे भागणार? 2021 च्या सुधारित मसुद्यात मैल गेला आणि फार्मसीतून निघाल्यावर 24 तासांत वापरण्याची मर्यादा आली.

आराखड्याचे गणित त्यामुळे वापर-मुदतीपासून, म्हणजे बनवलेले मिश्रण किती तासांत वापरायला हवे तिथपासून, मांडावे लागते. मिश्रण, तपासणी, पॅकिंग, गाडी, वॉर्ड: यात किती तास गेले आणि किती उरले? खोल्यांचा क्रम त्यातून ठरतो. माल पुसून आत घेण्याचा मार्ग, गाऊन घालण्याची रेषा आणि तयार पिशव्यांचा बाहेर जाण्याचा मार्ग एकमेकांना छेदू नयेत. गाडीत चढवण्याआधी पिशव्या थांबतील तिथे फ्रीज हवा, आणि नकाशात नेमका तोच विसरला जातो.

इतके करूनही लहान रुग्णालयातला हूड बंद करता येत नाही. रात्री अचानक लागणारा डोस तिथेच, वेगळ्या राखलेल्या कोपऱ्यात बनतो. सामान्य तापमानाला त्याची मुदत जास्तीत जास्त 12 तास.