बीजभुंगेरे (देशी वृक्षांचे)

झाडाच्या बियांत शिरून, आतला गर खाऊन वाढणाऱ्या लहान भुंगेऱ्यांचा गट. पूर्वी त्यांचे स्वतंत्र कुल मानले जाई. आता ते क्रिसोमेलिडी कुलातील ब्रुकिनी या उपकुलात धरतात. घरात मूग-चवळीला भोके पाडणारा भुंगेरा याच गोतावळ्यातला. सोंडकिड्याशी त्यांची गल्लत होते, पण त्यांना लांब सोंड नसते. देशी झाडांची लागवड करून उजाड जमीन पुन्हा झाडोऱ्याखाली आणताना त्यांचा उपद्रव सर्वांत जास्त जाणवतो तो शेंगा धरणाऱ्या झाडांत.

महाराष्ट्रात सहज पाहता येणारी जाती म्हणजे कॅरिएडॉन सेरॅटस. चिंच, बहावा, आपटा यांच्या बियांवर ती पोसली जाते. साठवणीतल्या भुईमुगालाही हीच कीड लागते. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आला आणि चिंचेवरच्या भुंगेऱ्याला नवे खाद्य मिळाले. प्रौढ भुंगेरा तपकिरी, जेमतेम ५-६ मिमी लांबीचा. मागच्या पायांच्या मांड्या जाड आणि दातेरी. मादी शेंगेच्या टरफलावर किंवा उघड्या चिंचोक्यावर अंडे चिकटवते. अळी अंड्याच्या तळातूनच थेट आत घुसते, त्यामुळे बाहेरून बी शाबूत दिसते. वाढ पूर्ण झाली की ती गोल भोक पाडून बाहेर येते आणि चिंचोक्याला चिकटूनच कागदासारखा पांढुरका कोष विणते. जुन्या चिंचोक्यांच्या पोत्यात हात घातला की असे कोष बोटांना लागतात.

अंकुर खाल्ला गेला तर बी मेले. नुसता बीजदलाचा (अंकुराच्या अन्नसाठ्याचा) कोपरा गेला असेल तर कधीकधी ते रुजते, उलट भोकातून पाणी शिरल्याने कठीण कवचाचे बी लवकरच फुगते. मात्र शिदोरी कमी पडल्याने रोप अशक्त निघते.

हे भुंगेरे बाहेरून आलेले नाहीत, जंगलाचेच आहेत. आईझाडाखाली पडलेल्या बियांना त्या झाडाचे शत्रू जास्त गाठतात आणि त्यामुळे एकाच जातीची दाटी होत नाही, अशी मांडणी डॅनियल जॅन्झेन (१९७०) आणि जोसेफ कॉनेल (१९७१) या परिसंस्था-अभ्यासकांनी स्वतंत्रपणे केली. तेव्हा लागवडीच्या जागी फवारणी करत सुटण्यात अर्थ नाही. भुंगेऱ्यांच्या अंड्यांवर जगणाऱ्या युस्काना या सूक्ष्म गांधीलमाश्याही त्यात मरतात.

खरे नुकसान पोत्यात होते. शेंगा झाडाखाली आठवडेच्या आठवडे पडू दिल्या, मग गोळा करून तशाच पावसाळ्यापर्यंत ठेवल्या, की कॅरिएडॉनची पुढची पिढी गोदामातच जन्मते. (बीजभुंगेऱ्यांच्या साऱ्याच जाती अशी सुक्या बियांत पुन्हा वीण घालत नाहीत.) मातीचे बीजगोळे करून उधळण्याच्या मोहिमांत याकडे फारसे कोणी पाहत नाही, गोळ्यात गेलेले पोकळ बी नंतर कोणाला दिसणार?

उपाय साधे आहेत. शेंग पिकताच झाडावरून उतरवणे, टरफल व गर लगेच काढणे, बी वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरणे. पाण्यात टाकल्यावर तरंगणारे बी टाकून द्यावे, पण अळी अगदी लहान असेल तर बी बुडते. म्हणून मूठभर बिया चिरून पाहाव्यात. नीट वाळलेले बी काही दिवस शीतपेटीत गोठवले तर अळ्या मरतात आणि बी टिकते. जांभळासारखे वाळवणे न सोसणारे बी मात्र ताजेच लावावे लागते.

बाभळीच्या बाबतीत शेळ्यांची मदत होते. शेळ्या शेंगा खातात, टणक बिया रवंथ करताना थुंकतात किंवा लेंडीतून टाकतात, आणि असे बी चांगले रुजते म्हणून वाड्यातून गोळा करण्याची रीत भारतात जुनी आहे. भुंगेऱ्याआधी शेळी पोचली तर बी वाचते. दक्षिण आफ्रिकेत हीच गोष्ट उलटी अंगाशी आली: माजलेल्या वेड्या बाभळीचे बी संपवण्यासाठी तिथे १९८७ मध्ये मुद्दाम अमेरिकेतले बीजभुंगेरे सोडले, पण पुष्कळ शेंगा त्यांच्याआधी गुराढोरांनीच फस्त केल्या.