फ्रीस्टाइल बीएमएक्स : निकालपत्रकाबाहेरचा इतिहास

बीएमएक्सचा, म्हणजे बायसिकल मोटोक्रॉसचा, जन्म नकलेतून झाला. १९७०च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसवाल्यांचं, म्हणजे मातीत मोटारसायकलींच्या शर्यती लावणाऱ्यांचं, बघून वीस इंची चाकांच्या सायकली मातीच्या ट्रॅकवर पळवू लागली. शर्यतींना लवकरच नियम आले, संघटना आल्या. फ्रीस्टाइल, म्हणजे शर्यत न लावता सायकलवर केलेल्या कसरती, वाढलं ते शर्यतीबाहेरच्या वेळात : स्केटपार्कच्या उतारांवर, पाणी उपसलेल्या पोहण्याच्या टाक्यांत, पार्किंगच्या मोकळ्या जागेत.

इथे पहिलं नाव बॉब हारोचं. हा मुळात चित्रकार. सायकलींच्या नंबरप्लेटही तोच बनवायचा. १९८०च्या सुमारास आर. एल. ऑसबोर्नला जोडीला घेऊन त्याने जाहीर प्रात्यक्षिकं सुरू केली आणि १९८२मध्ये खास या खेळासाठी फ्रेम बाजारात आणली. १९८४मध्ये ‘फ्रीस्टाइलिन’ हे मासिक निघालं. दशक संपता संपता बाजार बसला, मासिक बंद पडलं, प्रायोजक पांगले.

माझ्या मते खरी श्रीमंती याच पडत्या काळात आहे, आणि नोंदी सर्वांत कमी आहेत त्याही याच काळाच्या. पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावात केविन जोन्स आणि त्याच्या ‘प्लायवुड हूड्स’ टोळक्याने फ्लॅटलँडची, म्हणजे सपाट जमिनीवरच्या कसरतींची, चालच बदलली. आधी ब्रेक दाबून, जागच्या जागी उड्या मारत तोल सांभाळला जाई. जोन्सने पायाने टायर ढकलत सायकल चालती ठेवली आणि ट्रिकला ट्रिक जोडत नेली. हे जगाला कळलं ते घरगुती व्हिडिओ टेपमधून. तिकडे रॅम्पवर मॅट हॉफमनने १९८९मध्ये हवेत अडीच गिरक्या, म्हणजे ९०० अंश, पूर्ण केल्या. पुढे स्पर्धा भरवायला कुणी उरलं नाही तेव्हा त्या त्यानेच भरवल्या.

१९९५च्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेपासून टीव्ही आला, टोकियोत २०२१मध्ये ऑलिंपिक पदकं आली. तिथून पुढचं सगळं नोंदलेलं आहे.

त्याआधीचं मात्र चुंबकीय टेपवर, झेरॉक्स केलेल्या पत्रिकांत आणि लोकांच्या तोंडी आहे. टेप कुठेही न वाजवता नुसती पडून राहिली तरी खराब होते, आणि कॉपीच्या कॉपीत तर चेहरेही ओळखू येत नाहीत. सायकलींचं दुखणं निराळं. संग्राहक गंज घासून, नवा रंग आणि नवे स्टिकर लावून फ्रेम दुकानातल्यासारखी करतात. पण कठड्यावर घासून झिजलेला पेग (चाकाच्या आसाला लावलेली आखूड नळी), पोचे पडलेल्या नळ्या, हँडल गरगर फिरवताना ब्रेकची केबल गुंडाळू नये म्हणून मागाहून बसवलेला जायरो, यांवरूनच ती सायकल कशी चालवली गेली ते कळतं. रंगकामाआधी निदान फोटो तरी काढावेत.

टेपचं डिजिटल रूपांतर करणं त्या मानाने सोपं. त्यातला पोरगा कोण, रॅम्प कुणाच्या अंगणातला, ट्रिकला नाव कुणी दिलं, हे टेपच्या लेबलवर क्वचितच लिहिलेलं असतं. ते सांगू शकणारी तेव्हाची पोरं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत.