पार्श्वभूमी : मनोरुग्ण वॉर्डातलं पडणं

1912 च्या कायद्यातला ‘वेडा’ 1987 च्या कायद्यात ‘मनोरुग्ण’ झाला. नाव बदललं, पण वॉर्डात तो पडतो तो पडतोच, आणि या पडण्याचं मूळ बरंचसं औषधांत आहे. 1950 च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध आलं, रुग्ण शांत झाले, पण उठून उभं राहताना बीपी घसरू लागलं. पुढची कित्येक औषधं त्याच वळणाची. म्हणून रुग्णाला पाच मिनिटं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर रात्री संडासला एकटं सोडू नये. नुसतं बसवून घेतलेल्या बीपीत हे सापडत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात लिथियमवाल्यांची (मनाचे चढउतार आवरणारं हे औषध घेणाऱ्यांची) आणखी काळजी: घाम जातो, पाणी कमी पडतं, रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरतात, मग तोल जातो.

खरा वाद आहे रुग्णाला कॉटला बांधण्याचा. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 97 प्रमाणे तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तर, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरताच वेळ बांधता येतं. केसपेपरवर नोंद हवी, नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला) 24 तासांत कळवायला हवं. माणसं कमी आहेत, एवढ्यावरून बांधता येत नाही. आता झोपेच्या इंजेक्शननंतर सारखे उठू पाहणारे आजोबा ‘तात्काळ’ धोक्यात बसतात का? रात्रपाळीची सिस्टर हो म्हणेल, आणि तिचंही चुकत नाही: वॉर्ड भरलेला, मामा (वॉर्डबॉय) एकच. पण ‘पडेल म्हणून’ रात्रभर बांधणं म्हणजे बहुतेकदा अपुऱ्या माणसांचंच दुसरं नाव. शिवाय बांधलेलाही पडतो. एक हात सुटला की तो कॉटच्या कठड्यावरून पाय टाकतो आणि कठड्याच्या उंचीवरून आपटतो. दोन दिवसांनी सोडलेल्याच्या पायात जोर नसतो. त्यापेक्षा गादी जमिनीवर, सिस्टरच्या टेबलासमोर टाकावी.

बाकी कारणं साधी. गळफासाच्या भीतीने पायजम्याची नाडी काढतात. पायजमा घसरून टाचेखाली येतो. इलॅस्टिकचा द्यावा. घरून आणलेली सोलापुरी चादर अंगाभोवती घेऊन चालताना तिचं टोक पायात येतं. ओली शहाबादी फरशी तर आहेच.

नोंदीत सगळ्यालाच ‘पडला’ लिहितात: फिट आली, कुणी ढकललं, स्वतः उडी मारली, तरी तेच. आणि पडलेल्याला लगेच उचलून कॉटवर ठेवतात. आधी मान आणि खुबा बघावा, शुद्ध तपासावी, शुगर आणि बीपी तिथेच घ्यावं.