आठ दशांश सेकंदांची तफावत: कानाने डोळ्याला दिलेल्या दिशेची पार्श्वभूमी

आवाजामुळे नजर कुठे वळते आणि समोरची वस्तू किती लवकर ओळखू येते, हा आज मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतला विषय आहे. त्याचा उगम मात्र इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेत, एका सहायकाला गमवाव्या लागलेल्या नोकरीत सापडतो.

एखादी तारका याम्योत्तर रेषा, म्हणजे डोक्यावरून जाणारी आकाशातली दक्षिणोत्तर रेषा, नेमकी केव्हा ओलांडते, हे टिपण्याची त्या काळची रीत ‘डोळा आणि कान’ याच नावाने ओळखली जात असे. निरीक्षक घड्याळाकडे पाहून सेकंद मनात धरी, मग दुर्बिणीला डोळा लावून लंबकाचे ठोके मोजत राही. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभे धागे ताणलेले असत. तारका धाग्याच्या अलीकडे असताना पडलेला ठोका आणि ती पलीकडे गेल्यावर पडलेला ठोका, या दोन्ही वेळच्या तिच्या जागा ध्यानात ठेवायच्या, त्यांच्यामधल्या अंतराचे नजरेनेच दहा भाग पाडायचे आणि धागा ओलांडल्याचा क्षण दशांश सेकंदापर्यंत लिहून काढायचा, असे हे काम होते. १७९५ च्या ऑगस्टपासून सहायक डेव्हिड किनेब्रुक यांच्या नोंदी राजज्योतिषी, म्हणजे वेधशाळेचे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ, नेव्हिल मास्केलिन यांच्या नोंदींपेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिराच्या येऊ लागल्या आणि १७९६ च्या जानेवारीपर्यंत ही तफावत ०.८ सेकंदावर गेली. एवढ्या वेळात विषुववृत्तावरचा बिंदू पृथ्वीच्या परिवलनाबरोबर सुमारे ३७० मीटर सरकतो. ज्या वेधशाळेच्या नोंदींवर जहाजांचे रेखांश ठरत, तिला ही चूक चालण्यासारखी नव्हती. इतर बाबतींत मेहनती आणि उपयोगी असलेल्या या सहायकाला निरोप द्यावा लागत असल्याची खंत मास्केलिन यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

क्योनिग्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी पुढे ही हकिकत वाचली आणि त्यांना वेगळीच शंका आली. १८२० नंतर त्यांनी आपल्या नोंदी इतर कसलेल्या निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांतही सुमारे एका सेकंदाचा फरक निघाला. म्हणजे किनेब्रुक निष्काळजी नव्हते. त्यांचा डोळा ठीक होता आणि कानही. ऐकलेला ठोका आणि पाहिलेली जागा यांची मनात जी सांगड घातली जाते, ती प्रत्येकाच्या बाबतीत थोडी वेगळी पडते. खगोलशास्त्रज्ञांनी या फरकाला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हटले आणि ते गणितातून वजा करून टाकायची सोय केली. माझ्या मते या विषयाचा पुढचा सारा इतिहास या वजाबाकीत दडलेला आहे, कारण कानाचा डोळ्यावर होणारा परिणाम कित्येक दशके केवळ चूक म्हणूनच मोजला गेला.

ही चूक अभ्यासण्याजोगी आहे, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी ओळखले. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी एक लंबकाचे घड्याळ असे जुळवून घेतले, की लंबक ठरावीक जागी आला की आवाज व्हावा. आवाजाच्या क्षणी लंबक जिथे असे तिथे तो दिसत नसे. दोन्ही गोष्टींकडे एकाच क्षणी लक्ष देता येत नाही आणि एकीवरून दुसरीवर जाण्यात सुमारे एक अष्टमांश सेकंद जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्याच्याकडे लक्ष आहे ते जाणिवेत आधी पोहोचते, हा नियम मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी १९०८ मध्ये मांडला, तो याच परंपरेतून.

त्यानंतर बराच काळ दृष्टीचा अभ्यास करणारे एकीकडे आणि श्रवणाचा करणारे दुसरीकडे, अशी वाटणी राहिली. कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपण म्हणतो, आणि त्यात खरेपणाचा मान डोळ्याला देतो. विसाव्या शतकातल्या प्रयोगांचा कलही तोच होता. शब्दभ्रमाच्या खेळात आवाज बाहुलीच्या हलत्या ओठांतून आल्यासारखा वाटतो. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाला ऐकलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी दाखवले, की ‘बा’ हा ध्वनी ऐकवताना ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवले, तर बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू येते. दोन्ही उदाहरणांत डोळा कानाला वळवतो. कानही डोळ्याला वळवू शकतो, हे मानायला जणू कोणी तयार नव्हते.

हा समज शतक संपता संपता हलला. १९९७ मध्ये रॉबर्ट सेक्युलर आणि सहकाऱ्यांनी पडद्यावर एकमेकींकडे येणाऱ्या दोन चकत्या दाखवल्या. आवाज नसताना त्या बहुधा एकमेकींना ओलांडून सरळ गेल्यासारख्या वाटत; त्या भेटण्याच्या क्षणी एक लहानसा टक् असा आवाज केला, की त्याच चकत्या आदळून माघारी फिरल्यासारख्या दिसण्याचे प्रमाण खूप वाढे. पडद्यावरचे चित्र तेच होते. २००० मध्ये लॅडन शाम्स, युकियासू कामितानी आणि शिन्सुके शिमोजो यांनी एकदाच लुकलुकणाऱ्या ठिपक्याबरोबर पाठोपाठ दोन बीप वाजवले, तेव्हा पाहणाऱ्यांना ठिपका दोनदा लुकलुकलेला दिसला. त्याच वर्षी जॉन मॅकडोनल्ड नावाच्या दुसऱ्या एका संशोधकाने (वर उल्लेखलेले मॅकडोनल्ड ते हे नव्हेत) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की ज्या बाजूला अचानक आवाज होतो, त्या बाजूचा अंधूक प्रकाश अधिक अचूकपणे ओळखता येतो, आणि ही केवळ अंदाजाने दिलेल्या उत्तरांची करामत नसते. या शेवटच्या निष्कर्षाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण इथे आवाज डोळ्याला फसवत नाही, त्याला मदत करतो.

त्यामागची शारीरिक यंत्रणा तोवर बरीच उलगडली होती. अ‍ॅलेक्स मेरेडिथ आणि बॅरी स्टाइन यांनी १९८० च्या दशकात मांजरांच्या मध्यमेंदूच्या छतावरील एका छोट्या उंचवट्यात अशा चेतापेशी अभ्यासल्या, ज्या प्रकाशाला आणि आवाजाला वेगवेगळा प्रतिसाद देतात. पण दोन्ही एकाच जागेहून आणि जवळजवळ एकाच वेळी आले, तर त्यांचा प्रतिसाद दोन्ही प्रतिसादांच्या बेरजेहूनही मोठा असू शकतो. हाच भाग डोळे आणि मान वळवण्याच्या कामी येतो.

जागा न सांगणारा आवाजही उपयोगी पडतो, हे २००८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एरिक व्हान डर बर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पडद्यावर अनेक तिरप्या रेघा सतत रंग बदलत असताना त्यांतली एकच आडवी किंवा उभी रेघ शोधायची होती, आणि ते शोधणे फार वेळखाऊ होते. तिचा रंग बदलण्याच्या क्षणी एक बीप वाजवला, तर ती रेघ कुठे आहे हे बीप सांगत नसूनही ती गर्दीतून चटकन वेगळी दिसू लागली.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील लुसिका योर्डानेस्कू आणि सहकाऱ्यांनी आवाजाच्या अर्थाकडे लक्ष वळवले. मांजर शोधताना म्यांव ऐकू आले किंवा किल्ल्या शोधताना त्यांची खुळखुळ ऐकू आली, तर चित्र लवकर सापडे. चित्राऐवजी त्या वस्तूचे नाव लिहिलेले असेल, तर मात्र काही फायदा होत नसे. चैत्रात आंब्यावरचा कोकीळ शोधताना मला हे नेहमी आठवते. आवाज नेमका कुठल्या फांदीवरून येतो ते बरेचदा कळत नाही, पण कुहू सुरू असेपर्यंत पानांमधल्या काळोख्या सावल्या एकेक करून बाजूला पडतात आणि अखेर एक लाल डोळा दिसतो. तो थांबला, की पुन्हा पाने तेवढी उरतात. झाडावरच्या या अनुभवात दिशेचाही वाटा असणार, हे मी नाकारत नाही.

ओळखण्याबाबत २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या यी-चुआन चेन आणि चार्ल्स स्पेन्स यांनी वेळेची मर्यादाही मोजली. क्षणभर दाखवून लगेच झाकलेले कुत्र्याचे चित्र भुंकण्याच्या आवाजासोबत अधिक अचूक ओळखले गेले, तर विसंगत आवाजासोबत ओळख बिघडली. चित्रानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी आवाज आला तरी हा परिणाम टिकून होता; अर्ध्या सेकंदाहून अधिक उशीर झाला, तेव्हा तो दिसला नाही.